लाल फडक्यातली प्रत

माझी थोरली बहीण सांगलीला दिली आहे. तिच्या घरचा व्यापार कागदाचा. छापखान्यांना लागणारी रिमे, शाळांच्या वह्या, लग्नपत्रिकांची कार्डे, कचेऱ्यांची रजिस्टरे असा सगळा घाऊक माल. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर मिरज, जत, तासगावपासून थेट विजापूरपर्यंतचे लहानमोठे दुकानदार. हा व्यापार बहुतेक उधारीवर चालतो. म्हणजे असे की, गोदामात जेवढा माल असतो त्याहून कितीतरी अधिक पैसा लोकांकडे असतो. आणि तो कोणाकडे किती आहे हे ज्या जागी लिहिलेले असते, ती जागा म्हणजेच खरे दुकान. बाकी उरतात त्या चार भिंती, एक वजनकाटा आणि पंखा.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली ती जरा महाग पडूनच. मी पुण्यात मुलांना मराठी शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता. तरीही या विषयावर लिहायला बसलो आहे, याचे कारण पुढे येईलच.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही सगळे सांगलीला गेलो होतो. ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. दुकानात पाटावर नवी चोपडी मांडली होती, तिच्यावर 'श्री' काढला होता, आणि शेजारी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहून झाले होते. इतक्यात दिवाणजी आले. दिवाणजी म्हणजे दाजींच्या वडिलांच्या वेळचे हिशेबनीस. पंचाहत्तरी उलटलेली. आता कामाला येत नाहीत, पण पूजेला आल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी पाटाकडे नीट पाहिले आणि विचारले, "नवी चोपडी मांडलीत. जुनी कुठं आहे?"

माझा भाचा हसला. "दिवाणजी, आता जुनी अन् नवी असं काही नसतं. सगळं ह्या कॉम्प्युटरातच."

"मग बांधायची कोणती?"

जुन्या पेढ्यांची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न समजेल. वर्षाचा हिशेब मिटला की रोजकीर्द आणि खतावणी लाल फडक्यात बांधून वर ठेवायची, आणि नवे पान नव्या चोपडीत उघडायचे. कॉम्प्युटरातले वर्ष असे मिटून बांधता येत नाही, हे काही म्हाताऱ्याला पटेना. शेवटी त्यांचे मन मोडू नये म्हणून भाच्याने सगळी खाती एका पेनड्राइव्हवर उतरवली आणि ती बोटभर वस्तू त्यांच्या हातात ठेवली. दिवाणजींनी ती गंभीरपणे लाल फडक्यात बांधली, वर दोन गाठी मारल्या आणि पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात टाकली. दाजी म्हणाले, "अहो, इथंच ठेवा की कपाटात." तर म्हणतात, "इथं नको. दुकानाला पाणी लागतं."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्यात मीही होतो, हे आता कबूल करतो.

दुकानाला पाणी लागते हे मात्र खोटे नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. बाजारपेठेत दिवसच्या दिवस पाणी उभे होते. कागदाच्या गोदामात पाणी शिरल्यावर काय होते हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळायचे नाही. खालच्या थराची रिमे पाणी पिऊन फुगतात, बांधणीच्या पट्ट्या तटातट तुटतात, आणि अख्खी थप्पी कलंडून तिचा लगदा होतो. दाजींचा बहुतेक माल तसा गेला. पण पाणी चढत असताना त्यांनी एक शहाणपणा केला होता. कॉम्प्युटरचा खोका डोक्यावर घेऊन ते माडीवर गेले होते. त्यामुळे गोदामात कोणता माल किती होता याचा कागदोपत्री पुरावा शाबूत राहिला, विम्याचा दावा मांडता आला, आणि दुकान पुन्हा उभे राहिले.

त्या पुराने दाजींना एक धडा दिला: जे जपायचे ते उंचावर ठेवावे. त्यांनी माडीवर एक दुसरी हार्डडिस्क बसवली, खालच्या कॉम्प्युटरपासून तिच्यापर्यंत तार नेली, आणि दर तासाला खालच्या हिशेबाची प्रत आपोआप वर जाईल अशी व्यवस्था केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती कौतुकाने दाखवीत. "आता कृष्णामाई माडीवर आली तरच!" असे म्हणत. आपण माणसे अशीच असतो. मागच्या संकटाला तोंड द्यायची तयारी पुरी करतो, आणि पुढचे संकट त्याच दाराने येईल असे गृहीत धरतो.

पुढचे संकट २०२२ च्या मार्चअखेरीला आले. व्यापाऱ्याला मार्चअखेर म्हणजे काय असते हे सांगायला नको. सकाळी सहाला ताईचा फोन. "अरे, दुकानातली सगळी खाती गेली. हे काल सकाळपासून जेवलेले नाहीत. तुझा तो कॉम्प्युटरवाला विद्यार्थी आहे ना, त्याला घेऊन लगेच ये."

हा माझा विद्यार्थी व्याकरणात कायम काठावर पास होणारा. पण आज एका मोठ्या कंपनीची माहिती सांभाळण्याचे काम करतो, आणि माणूस सोन्यासारखा. रजा टाकून माझ्याबरोबर आला. आम्ही पोचलो तेव्हा दुकानाचे एक फळकुट तेवढे उघडे होते. आत कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता, त्याचा भावार्थ असा: तुमच्या सर्व फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, अमुक इतके बिटकॉइन पाठवा, किल्ली पाठवतो.

चोरीचा हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. यात चोर तिजोरी पळवून नेत नाही. तिजोरी जागच्या जागी असते, आतला ऐवजही असतो. फक्त तिला चोराचे कुलूप पडलेले असते. एक लहानसा प्रोग्राम कॉम्प्युटरात शिरतो आणि दिसेल त्या फायलीतली अक्षरे गणिताच्या रीतीने अशी उलटीपालटी करतो की, किल्लीवाचून ती पुन्हा लावणे कोणालाही शक्य होत नाही. आणि तो प्रोग्राम तारेने जोडलेल्या प्रत्येक ठिकाणी जातो. म्हणजे दाजींच्या माडीवरही गेला. जिथे तो स्वतः गेला नसेल तिथले काम दर तासाच्या त्या आपोआप व्यवस्थेने केले. तिने इमानेइतबारे कुलूपबंद फायलींच्या प्रती चांगल्या फायलींवर उतरवून ठेवल्या. दाजींनी पैसे खर्चून माडीवर बसवला होता तो आरसा. आणि आरशात मूळ चेहऱ्याहून वेगळे काही दिसायचे नाही.

तो प्रोग्राम आला होता एका ईमेलला जोडलेले बिल म्हणून. ते उघडणारी मुलगी कोपऱ्यात बसून रडत होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. नोकरीला लागून सहा महिनेही झाले नव्हते. राजीनामा लिहूनच आणला होता. मला वाटले, आता दाजींचा स्फोट होणार. पण ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "बिलं उघडायलाच तर तुला ठेवलंय. जा, चहा सांग सगळ्यांना."

माझ्या विद्यार्थ्याने पहिले काम केले ते सगळ्या तारा उपटण्याचे. दुसरे, सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला लावण्याचे. पैसे पाठवावेत का, असे दाजींनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, किल्ली मिळेलच याची हमी नाही. आणि कधी कधी तर किल्ली नसतेच." आणि मग रात्री माडीवर बसून त्याने आम्हाला एका डॅनिश जहाज कंपनीची हकीकत सांगितली. ती ऐकताना मी घड्याळाकडे पाहायचे विसरलो.

मर्स्क ही ती कंपनी. मुख्य कचेरी कोपनहेगनला. जगातल्या कंटेनर-वाहतुकीचा पाचवा हिस्सा तिच्या हाती होता. २७ जून २०१७ च्या दुपारी तिथले कॉम्प्युटर एकामागून एक काळे पडू लागले. कर्मचारी खोल्याखोल्यांतून धावत ओरडत होते, "बंद करा, तारा काढा!" पण तोवर उशीर झाला होता. मूळ रोग युक्रेनमधला. तिथे कर भरण्यासाठी व्यापारी वापरत असलेल्या एका हिशेबाच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी विष कालवून ठेवले होते, आणि मर्स्कच्या ओडेसातल्या एका कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम बसवलेला होता. तेवढे एक भोक पुरले. या विषाला पुढे 'नॉटपेट्या' असे नाव पडले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती, पण ती निव्वळ सोंग होती. कुलूप उघडणारी किल्ली कोणी केलेलीच नव्हती. उद्देश लुटण्याचा नव्हता, नासधुशीचा होता. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटन यांनी हे रशियन लष्कराचे काम असल्याचा उघड आरोप केला.

आपल्या दृष्टीने त्यातली जवळची गोष्ट अशी की, उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातला एक धक्का याच कंपनीच्या हाताखाली चालत होता. तिथलेही काम ठप्प झाले. कंटेनर आहेत, क्रेन आहेत, माणसे आहेत. पण कोणत्या कंटेनरात काय आहे आणि तो कुठे जायचा आहे, हे सांगणारे कोणी नाही. दाजी हे ऐकताना मान हलवत होते. माल डोळ्यांसमोर असून दुकान नाहीसे कसे होते, हे त्यांना त्या दिवशी कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

कंपनीजवळ बहुतेक माहितीच्या प्रती होत्या. नव्हती ती एकाच गोष्टीची. कंपनीत कोण कोण आहे, कोणाला कोणते दार उघडायचा अधिकार आहे, याची जी सर्वांत मूळची यादी असते, ती जगभरच्या दीडशेच्या आसपास यंत्रांवर ठेवलेली होती. प्रत्येक यंत्र इतरांशी बोलून आपली यादी ताजी ठेवी. एक बिघडले तर बाकीची आहेतच, असा हिशेब. दीडशेच्या दीडशे एकाच दुपारी जातील, हे कोणाच्या मनात आले नव्हते. आणि ती यादी नसेल तर बाकीच्या प्रती असूनही उपयोग नाही. वाड्याची दारे शाबूत आणि किल्ल्यांचा जुडगा विहिरीत, अशी गत.

शोधता शोधता एक यंत्र सापडले. पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या कचेरीत. तिथे हल्ल्याच्या आधी वीज गेली होती! वीज गेली म्हणून यंत्र बंद पडले, बंद पडले म्हणून तारेवरून आलेले विष त्याच्यापर्यंत पोचले नाही. साऱ्या जगात तेवढी एक प्रत जिवंत राहिली. तिथून ती इंग्लंडला तारेने पाठवावी तर घानातले इंटरनेट इतके मंद की दिवसच्या दिवस लागणार. माणसाबरोबर पाठवावी तर तिथल्या कोणाकडेही ब्रिटनचा व्हिसा नाही. तेव्हा एकजण ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. मग काम सुरू झाले. ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० प्रोग्राम दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीर सभेत सांगितले. तरीही नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

दाजी त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "आमच्याकडे एवढी वीज जाते, ती नेमकी त्या रात्री गेली नाही!"

आणि तेवढ्यात भाचा ताडकन उठून उभा राहिला. "मामा! दिवाणजींची पुरचुंडी!"

रात्री अकराला आम्ही चौघे दिवाणजींच्या दारात उभे. म्हाताऱ्याने दार उघडले, सगळे ऐकून घेतले, एका शब्दानेही 'मी सांगत नव्हतो?' असे म्हटले नाही. फक्त म्हणाले, "हातपाय धुऊन या." मग देवघराच्या खालच्या फडताळातून ती लाल पुरचुंडी काढली. दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या.

मला वाटले, सुटलो. पण माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा काही खुलेना. "सर, प्रत असणं वेगळं आणि ती उघडणं वेगळं," असे म्हणून त्याने वाटेत आणखी एक हकीकत सांगितली. गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांची दप्तरे सांभाळणे हाच तिचा धंदा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका थकलेल्या अभियंत्याने एका यंत्रावरची माहिती पुसायची ती चुकून दुसऱ्या, म्हणजे खऱ्या चालू यंत्रावरची पुसली. क्षणभरात चूक लक्षात आली, हात थांबला, पण सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार उरले होते. घाबरायचे कारण नव्हते, कारण प्रती ठेवण्याच्या एक-दोन नाही, पाच व्यवस्था होत्या. एकेक पाहू लागले तर कामाची एकही निघेना. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे रोजच नापास होत होता. नापास झाल्याची ईमेल निघत होती, पण तीही वाटेत नाकारली जात होती. जिथे प्रती साठलेल्या असायच्या तिथे काहीच नव्हते. वाचवले ते एका अभियंत्याने सहा तास आधी केवळ आपल्या दुसऱ्या कामासाठी काढलेल्या एका प्रतीने. सहा तासांचे काम गेले ते गेलेच. या लोकांचे एक मात्र मानले पाहिजे: त्यांनी काहीही लपवले नाही. दुरुस्तीचे काम चालू असताना ते साऱ्या जगाला उघडपणे दाखवले.

हे ऐकल्यावर आमची पेनड्राइव्ह एका स्वच्छ कॉम्प्युटरला लावली जाईपर्यंत कोणी बोलले नाही. ती लावली. एक मिनिट काही दिसले नाही. मग खाती दिसू लागली. दाजी उठून बाहेर गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत.

पण हिशेब होता तो ४ नोव्हेंबरपर्यंतचा. मधले जवळजवळ पाच महिने कोरे. आणि इथून पुढची गोष्ट ही माझ्या विषयातली आहे.

महानुभाव पंथाच्या 'लीळाचरित्रा'बद्दल आम्ही वर्गात सांगतो. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने ज्याने चक्रधरस्वामींना पाहिले त्याला विचारून ते चरित्र जमवले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, आणि ज्यांना जे आठवत होते त्यावरून शिष्यांनी ग्रंथ पुन्हा उभा केला, अशी पंथाची परंपरा आहे. ग्रंथ वाचला, पण पाठभेद शिरले. ज्याच्या स्मरणात जसे होते तसे. हस्तलिखिते पुढ्यात घेऊन एक शब्द कोणता खरा हे ठरवण्यात आमच्या क्षेत्रातल्या विद्वानांच्या हयाती गेल्या आहेत.

दाजींची खतावणी अशीच उभी करावी लागली. जीएसटीच्या सरकारी दप्तरात दरमहा भरलेल्या बिलांचा तपशील होता. नोंदणी असलेल्या दुकानदारांना काय विकले ते तिथे मिळाले. खरेदी कोणती केली ते माल देणाऱ्यांनी भरलेल्या विवरणांतून निघाले. चेकने आलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात होते. फेब्रुवारीअखेरपर्यंत एवढे जमले. वसुलीला जाणाऱ्या माणसाच्या पावतीपुस्तकात कार्बनच्या प्रती होत्या; त्या निळ्या पुसट कागदांना इतका मान पूर्वी कधी मिळाला नसेल. पण परत आलेला माल, तोंडी दिलेली सूट, चार रिमे उधार नेणारा खेड्यातला छापखाना, मार्चातली चालू उधारी, यांची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. ती फक्त गिऱ्हाइकांच्या वह्यांत आणि डोक्यांत. तेव्हा सर्वांना पत्रे गेली: आपल्या वहीप्रमाणे आमचे येणे किती, कळवावे.

जी उत्तरे आली ते पाठभेद! एकाच व्यवहाराचे आमच्या अंदाजाने अठरा हजार, गिऱ्हाइकाच्या वहीत साडेचौदा, आणि वसुलीवाल्याच्या आठवणीत सोळा. ती मुलगी, जिने बिल उघडले होते, ती तीन आठवडे रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसून हे सगळे कागद ताडून पाहत होती. मी सुट्टीत चार दिवस तिच्या मदतीला होतो. पाठचिकित्सेचे जे नियम मी एम.ए.च्या मुलांना शिकवतो तेच तिला सांगितले: जो कागद व्यवहाराच्या सर्वांत जवळ लिहिला गेला तो अधिक खरा, आणि ज्याचा ज्यात फायदा आहे त्याने दिलेला पाठ जरा सावधपणे घ्यावा. राजीनाम्याचा कागद तिने कधी फाडला, मला माहीत नाही.

माणसेही कळली. जतकडचा एक लहान दुकानदार बसने स्वतः आला. म्हणाला, "तुमच्या पत्रात माझी बाकी छत्तीस हजार लिहिली आहे. माझ्या वहीप्रमाणे एक्केचाळीस होते. आत्ता दहा आणलेत, बाकीचे जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की देतो." आणि ज्याच्या घरच्या लग्नाला दाजी अहेर घेऊन गेले होते अशा एका मोठ्या गिऱ्हाइकाने दोन ओळींचे उत्तर पाठवले: आमच्याकडे आपले काही देणे दिसत नाही. त्यावर काय करणार? पुरावा नव्हता. सगळे मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास पाणी सोडावे लागले. त्यातले किती खरोखर बुडवले गेले आणि किती आमचाच अंदाज चुकला, हे आता कधीच कळणार नाही. दाजींना पैशांपेक्षा हे न कळणेच अधिक लागले असे मला वाटते. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला पूर्वीसारखा 'या, बसा' म्हणताना माणसाची जीभ अडखळते.

त्यानंतर माझ्या विद्यार्थ्याने दुकानाची घडी बसवून दिली. त्याने आधी दाजींना दोनच प्रश्न विचारले. किती वेळाचे काम पुसले गेले तर तुम्हाला चालेल? आणि दुकान किती वेळ बंद राहिले तर चालेल? या धंद्यातल्या मोठ्या कंपन्याही इथूनच सुरुवात करतात म्हणे. दाजींनी पहिल्याचे उत्तर 'एक दिवस' आणि दुसऱ्याचे 'दोन दिवस' असे दिले. बँकेचे उत्तर काही मिनिटांत असेल, आणि मग खर्चही त्या मानाने चढत जातो. पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या फोटोंसाठी सांगितलेला नियम आज सगळीकडे वापरतात: मुळासकट तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. दुसरी जागा म्हणजे खरोखरच दुसरी. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत सर्व्हरांसकट जळाली, तेव्हा काही गिऱ्हाइकांना कळले की, आपण ज्या प्रतीचे वेगळे पैसे भरत होतो तीही त्याच इमारतीत होती. क्रोगच्या नियमात आता लोक आणखी एक भर घालतात, की एक तरी प्रत कोणत्याही तारेला जोडलेली नसावी. ही भर आमच्याकडे दिवाणजींनी आधीच घातली होती.

आता दाजींकडे दोन डिस्का आहेत. एक दिवस ही लावायची, एक दिवस ती. जी लावलेली नसेल ती ताईच्या घरी, डाळीच्या डब्यांमागे. तिसरी प्रत इंटरनेटवरून दूरच्या एका ठिकाणी जाते, आणि तिथे महिन्याभराच्या जुन्या आवृत्त्या राहतात, म्हणजे आज बिघडलेली फाईल उद्या सगळीकडे बिघडत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून सरकारनेच नियम घातला आहे, की हिशेबाच्या वह्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी. दाजींची पेढी भागीदारीची, तिला तो नियम लागू नाही. पण दाजी आता नियमाची वाट पाहत नाहीत.

प्रत उघडून पाहण्याची रीत मात्र मोठ्यांकडेही उशिरा आली. वाचकांपैकी ज्यांचे शेअर आहेत त्यांना २४ फेब्रुवारी २०२१ चा दिवस आठवत असेल. मुंबईचा राष्ट्रीय शेअरबाजार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबला तो पावणेचारला सुरू झाला, आणि त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावे लागले. दुसऱ्या जागी पर्यायी यंत्रणा होती. पण वेळेवर तिच्याकडे वळणे झाले नाही. नाटकवाल्यांना विचारा, बदली नट कागदावर असून भागत नाही, त्याच्या तोंडी संवाद असावे लागतात. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही बाजार मुद्दाम उघडला. पहिला थोडा वेळ नेहमीच्या यंत्रणेवर, आणि मग पर्यायी यंत्रणेवर, खऱ्या पैशांचे खरे व्यवहार करून रंगीत तालीम घेतली. त्याच वर्षी १८ मे रोजी पुन्हा एकदा.

आमच्याकडची रंगीत तालीम दिवाळीच्या पाडव्याला असते. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुना, कशालाही न जोडलेला कॉम्प्युटर ठेवला आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उतरवलेली पेनड्राइव्ह सकाळी त्याला लावतात. ती मुलगी, आता दुकानाचे सगळे हिशेब तीच पाहते, खुर्चीवर बसते. दिवाणजी शेजारी. मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरचे दिसत नाही. ते मनात येईल त्या गिऱ्हाइकाचे नाव घेतात आणि ती त्याचे खाते उघडून बाकी वाचून दाखवते. गेल्या पाडव्याला त्यांनी पहिले नाव घेतले ते जतकडच्या त्या दुकानदाराचे.

"बाकी निरंक," ती म्हणाली.

"शेवटचा भरणा कधीचा?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा."

"बरोबर आहे," दिवाणजी म्हणाले, आणि लाल फडक्यासाठी हात पुढे केला.